आधी घरातल्यांना जेवू घाला: आतड्यातल्या जिवाणूंसाठी सहा आठवड्यांचा क्रम

दर महिन्याला कुणी ना कुणी मला विचारतंच, "प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपकारक जिवाणूंची, कुठली कॅप्सूल चांगली?" मी बावीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे धायरीतल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना वाटतं की माझ्याकडे एखादं नाव तयार असणार. मी नाव सांगत नाही. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं, ते विचारते. उत्तर बहुधा ठरलेलं असतं: चहा-बिस्किट, पोहे, दुपारी दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात, संध्याकाळी चहाबरोबर बाकरवडी किंवा फरसाण, रात्री पुन्हा भात नाहीतर बाहेरून मागवलेलं काहीतरी. यात मोठं अपथ्य काही नाही. पण मोठ्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंच्या वाट्याला यातलं फार थोडं पोचतं. घरचेच उपाशी असताना विकतचे पाहुणे बोलावून काय साधणार?

म्हणून हा क्रम लिहिते आहे. माझ्या घरात आणि ओळखीच्या बऱ्याच घरांत तो वापरून पाहिला आहे. साधारण सहा आठवडे लागतात. घाई केली की पोट फुगतं आणि माणूस चौथ्या दिवशी "मला हे मानवत नाही" म्हणून सोडून देतो, त्यामुळे क्रम आणि वेग दोन्ही पाळा. केमोथेरपी चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल, आतड्याला सूज किंवा अडथळा असेल, पोटाची नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही सुरू करू नका.

आत कोण राहतं

आपल्या शरीरात साधारण 38 लाख कोटी जिवाणू आहेत, असा 2016 साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. आपल्या स्वतःच्या पेशी साधारण 30 लाख कोटी. "पेशींच्या दहापट जिवाणू" आणि "पोटात दोन किलो जिवाणू" ही वाक्यं अजून सगळीकडे छापून येतात, पण त्याच हिशेबाप्रमाणे त्यांचं वजन जेमतेम 200 ग्रॅम भरतं. जठरातल्या आम्लात फार थोडे तग धरतात. लहान आतड्यात अन्न भराभर पुढे सरकतं, तिथेही वस्ती विरळच. खरी दाट वस्ती मोठ्या आतड्यात, त्या दीड मीटरच्या नळीत.

तिथवर काय पोचतं, हा सगळा प्रश्न आहे. साखर, मैदा, तेल, मऊ भात हे वरच पचतं आणि शोषलं जातं. ज्याला आपण चोथा म्हणतो, धान्याचा कोंडा, डाळींची सालं, भाज्यांचे तंतू, ते आपल्याला पचवता येत नाही म्हणूनच खाली पोचतं. जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून छोटी आम्लं तयार होतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट. यातलं ब्युटिरेट फार मोलाचं, कारण मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा त्यातून मिळवतात. म्हणजे ज्वारीच्या भाकरीतला जो भाग आपल्याला पचला नाही, त्यावर आपल्याच आतड्याचं अस्तर पोसलं जातं. वर्गात हे शिकवताना मुलं लिहायची थांबून वर बघत, आणि दरवर्षी मलाही तितकंच छान वाटे.

चोथा आलाच नाही तर? उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की अशा वेळी काही जिवाणू आतड्याच्या आतला बुळबुळीत संरक्षक थर खायला लागतात. आणि अन्न आत फार दिवस रेंगाळलं तर जिवाणू प्रथिनांकडे वळतात. त्यातून अमोनिया आणि गंधकाचे वास मारणारे वायू तयार होतात.

आपल्याकडच्या आतड्यांवर पुण्यातच मोठं काम झालं आहे. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंचा अभ्यास केला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात भारतीयांमध्ये प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे गट ठळकपणे जास्त आढळले. प्रिव्होटेला हा धान्य, डाळी, भाजीपाला खाणाऱ्यांच्या आतड्यात रमणारा गट आहे. तेव्हा परदेशातल्या एखाद्याच्या आतड्याचं वर्णन वाचून आपलं बिघडलं आहे असं ठरवू नका.

पायरी पहिली: आठवडाभर फक्त वही (पहिला आठवडा)

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही, लिहायचं. एका साध्या वहीत रोज चार गोष्टी: काय खाल्लं, पोट कधी साफ झालं, मल कसा होता, पोट फुगलं किंवा दुखलं का.

मलाबद्दल लिहायला संकोच वाटतो, पण हीच सगळ्यात कामाची नोंद आहे. ब्रिस्टल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 1997 साली यासाठी सात प्रकारांचा तक्ता मांडला. एक म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक गोळे, सात म्हणजे निव्वळ पाणी. तीन आणि चार, म्हणजे केळ्यासारखा एकसंध, कुंथावं न लागणारा, हे उत्तम. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा यात कितीही वेळा होणं सामान्य असू शकतं. रोज सकाळी ठरल्या वेळी झालंच पाहिजे म्हणून चूर्ण घेणारे अनेक जण मुळात निरोगी असतात.

त्याच आठवड्यात एक छोटी चाचणी करा. उकडलेल्या मक्याचे दाणे वाटीभर खा आणि वेळ लिहून ठेवा. दाण्यांची सालं मलात कधी दिसतात ते बघा. साधारण एक ते दोन दिवस लागले तर गती ठीक. तीन दिवसांहून जास्त लागले तर कोठा मंद आहे. बिटाची कोशिंबीर खाऊनही हे कळतं, मात्र लाल रंग पाहून घाबरू नका.

आठवड्याच्या शेवटी चोथ्याची बेरीज करायची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नाचे तक्ते छापले, त्यातले आकडे इथे पुरेसे आहेत. 100 ग्रॅम पिठात किंवा धान्यात चोथा असा: बाजरी 11 ग्रॅमच्या वर, नाचणी 11, न चाळलेली कणीक 11, ज्वारी 10, पॉलिशचा तांदूळ 3 ग्रॅमहूनही कमी. अख्खे हरभरे 25, अख्खे मूग 17. पेरू 8 ग्रॅमच्या वर. वर सांगितलेल्या जेवणाची बेरीज कशीबशी 15 ग्रॅमपर्यंत जाते. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाला निदान 30 ग्रॅम हवा. तूट कुठे आहे ते आता तुमच्याच अक्षरात समोर दिसेल.

पायरी दुसरी: पाणी आणि हात

चांगल्या जिवाणूंची सोय करण्याआधी वाईटांचा रस्ता बंद करायचा. पुण्यात हे मी कळकळीने सांगते, कारण 2025 च्या जानेवारीत आमच्याच भागात, सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी पट्ट्यात गीयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक आढळले. बऱ्याच जणांना आधी जुलाब झाले होते. मग पायांतली शक्ती गेली. काही रुग्णांच्या मलाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि दूषित पाण्यावर संशय गेला. या जिवाणूशी लढताना शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर चाल करतात, असं या आजारात घडतं. अशी गुंतागुंत क्वचितच होते, पण त्या महिन्यात आमच्या जिन्यात दुसरा विषय नव्हता.

करायचं इतकंच. टँकरचं, बोअरचं किंवा वासाचं पाणी आलं की उकळा, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट. उकळलेलं पाणी झाकून ठेवा आणि ओगराळ्याने काढा, पेला बुडवू नका. सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली, ते विचारा आणि तारीख लिहून घ्या. गाळणी यंत्राचा फिल्टर बदलायची तारीख उलटली असेल तर त्या यंत्रावर विसंबू नका. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांतून जिवाणू ओट्यावर पसरतात. ते नीट शिजवा आणि सुरी-पाट वेगळा ठेवा. पावसाळ्यात बाहेरची चटणी, बर्फ आणि कापून ठेवलेली फळं टाळा. संडासाहून आल्यावर आणि जेवणाआधी हात साबणाने धुणं घरातल्या लहानांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांना लागू.

पायरी तिसरी: चोथा, पण हळूहळू (दुसरा ते चौथा आठवडा)

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी सॅलडचा डोंगर, दोन चमचे इसबगोल आणि मोठी वाटी उसळ. रात्री पोट नगाऱ्यासारखं. यात उसळीचा दोष नाही. चोथा आंबवणारे जिवाणू आत थोडे होते, त्यांच्यापुढे एकदम पंगत वाढली. त्यांची संख्या वाढायला दिवस द्यावे लागतात. म्हणून दर आठवड्याला रोजच्या जेवणात साधारण 5 ग्रॅमच वाढवा आणि प्रत्येक वाढीबरोबर पाणी एक-दोन पेले जास्त प्या. पाण्याशिवाय चोथा वाढवला तर उलट कडक होतं.

दुसऱ्या आठवड्यात एकच बदल: एका वेळच्या पोळीभाताऐवजी भाकरी. एका मध्यम भाकरीला 50 ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं, म्हणजे 5 ग्रॅम चोथा. थंडीत बाजरी, एरवी ज्वारी, मधूनमधून नाचणी. पोळी खायचीच असेल तर गिरणीतून आणलेलं पीठ चाळून कोंडा टाकू नका. ज्यांना मऊसूत पांढऱ्या पोळीची सवय आहे त्यांनी निम्मं चाळून निम्मं तसंच मळावं आणि हळूहळू चाळणी बाजूला ठेवावी.

तिसऱ्या आठवड्यात कडधान्य. मटकी, मूग, चवळी, वाटाणे यांत रॅफिनोज जातीच्या साखरा असतात. त्या फोडणारं पाचक द्रव्य आपल्याकडे नाही, म्हणून त्या थेट खाली जातात आणि वायू होतो. आपल्या आज्या करायच्या तेच करा: रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, फडक्यात बांधून मोड आणा. मोड येताना त्या साखरा बऱ्याच कमी होतात. नीट शिजवा, कचकचीत ठेवू नका. सुरुवात अर्ध्या वाटीने, तीही दुपारच्या जेवणात. हिंग-जिऱ्याची फोडणी आणि जेवणानंतर शतपावली, दोन्ही उपयोगी. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, तेव्हा गहू वर्ज्य असणाऱ्यांनी डबीवरचा मजकूर वाचावा. मिसळ आवडत असेल तर घरी करा: मटकी जास्त, तर्री बेताची, फरसाण वर चिमूटभर.

चौथ्या आठवड्यात रोज एक अख्खं फळ आणि एक कोशिंबीर. मंडईत हंगामाप्रमाणे पेरू, पुरंदरचं अंजीर, सासवडकडचं सीताफळ, जांभळं मिळतात. फळाचा रस काढला की चोथा गाळणीत राहतो, म्हणून चावूनच खा.

याच टप्प्यावर एक विसरलेली गोष्ट परत आणावी असं मला मनापासून वाटतं: शिळी भाकरी ताकात कुस्करून, वर कच्चा कांदा. शिजवलेलं पिष्ट थंड झालं की त्यातलं थोडं घट्ट होऊन बसतं. ते लहान आतड्यात पचत नाही, चोथ्यासारखंच खाली जातं आणि जिवाणूंना मिळतं. भात, बटाटा, भाकरी सगळ्यांचं हेच. पुन्हा गरम केलं तरी त्यातलं काही टिकतं, म्हणून फोडणीच्या भातालाही हे लागू. मात्र भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. उबेत ते वाढतात, विष तयार करतात, आणि ते विष फोडणीने जात नाही. भात उरला की तास-दोन तासांत फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशीच संपवायचा.

उपवासाच्या दिवशीही जरा विचार करा. साबुदाण्यात जवळजवळ निव्वळ पिष्टच असतं. त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला रताळं, राजगिरा, वरई, काकडी घेतली तर दुसऱ्या दिवशी कोठा जड होत नाही.

इसबगोलाबद्दल नेहमी विचारतात. बद्धकोष्ठाला तो चांगला आणि सुरक्षित आहे, पण तो पाणी धरून मल मऊ करतो आणि जिवाणू त्याला फारसा आंबवत नाहीत. म्हणून तो भाकरी-उसळीची जागा घेऊ शकत नाही. घ्यायचा तर भरपूर पाण्याबरोबर, लगेच गिळून. कोरडा कधीच नाही.

आणि काही जणांचं पोट या सगळ्याने खरोखरच बिघडतं. आयबीएसचा, म्हणजे आतड्यात जखम वा सूज नसताना वारंवार पोट दुखण्याचा, जुलाब किंवा बद्धकोष्ठाचा त्रास असणाऱ्यांना कांदा, लसूण, गहू, राजमा यांतले पटकन आंबणारे पदार्थ झेपत नाहीत. त्यांच्यासाठी मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेली आहारपद्धत आहे: काही आठवडे हे पदार्थ थांबवायचे, मग एकेक परत आणून बघायचं. ती आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करा, आणि परत आणण्याचा टप्पा गाळू नका. कायमचं सगळं बंद केलं तर जिवाणूच उपाशी राहतात.

पायरी चौथी: दही, ताक आणि त्यांचं खरं काम (पाचवा आठवडा)

आता पाहुण्यांची पाळी. आषाढी वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात. गावाचं वातावरण बदलून जातं, आणि तिसऱ्या दिवशी वारी पुढे जाते. दह्यातल्या जिवाणूंचं असंच आहे. बहुतेक आतड्यात कायमचे वस्तीला राहत नाहीत. जाता जाता लॅक्टोज पचवतात, आम्ल तयार करतात, तिथल्या रहिवाशांचं काम सोपं करतात आणि पुढे जातात. म्हणून महिन्यातून एकदा मोठा वाडगा घेण्यापेक्षा रोज वाटीभर बरं. दूध पचत नाही पण दही पचतं, असं कितीतरी जण सांगतात. त्याचं कारणही हेच: निम्मं काम जिवाणूंनी आधीच केलेलं असतं.

2021 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने 36 निरोगी माणसांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला दहा आठवडे भरपूर चोथा दिला, दुसऱ्याला दही, केफिर (एक प्रकारचं आंबवलेलं दूध), आंबवलेल्या भाज्या असे पदार्थ. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंचे प्रकार वाढले आणि रक्तातल्या दाह दाखवणाऱ्या अनेक प्रथिनांचं प्रमाण उतरलं. चोथा खाणाऱ्यांत तेवढ्या काळात प्रकार वाढले नाहीत. ही माहिती माझ्या क्रमाच्या विरुद्ध जाते असं कुणी म्हणेल, पण माझा अर्थ वेगळा आहे: दोन्ही लागतात, आणि चोथ्याला वेळ जास्त लागतो, म्हणून त्याची सुरुवात आधी करायची.

घरच्या दह्यासाठी दूध उकळून, बोट सुखाने बुडेल इतकं कोमट होऊ द्या आणि लहान चमचाभर विरजण नीट मिसळा. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा बराच उतरतो आणि दही लागत नाही. तेव्हा भांडं पिठाच्या डब्यात खुपसून किंवा कॅसरोलमध्ये ठेवा. लागल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवलं की आंबट होत नाही. विरजण तारेसारखं ओढलं जायला लागलं किंवा वास बदलला तर ते टाकून चांगल्या घरून नवं आणा. पूर्वी शेजारी वाटी घेऊन जायची पद्धत होती ती अशीच.

उष्णतेने हे जिवाणू मरतात, हे लक्षात असू द्या. कढी, इडली, ढोकळा, आंबोळी हे आंबवलेले आणि पचायला हलके पदार्थ आहेत, पण ताटात येईपर्यंत त्यांत जिवंत काही उरत नाही. आंबील करताना शिजवलेलं पीठ कोमट झाल्यावर वरून ताजं ताक घातलं तर जिवंत जिवाणू मिळतात. महिनोन्‌महिने फ्रीजबाहेर टिकणारं खोक्यातलं ताक उष्णतेची प्रक्रिया झालेलं असतं, आणि गोड चवीच्या दह्यात साखर भरपूर. तेलाच्या लोणच्यावर या कामासाठी भिस्त ठेवू नका.

पायरी पाचवी: विविधता (सहावा आठवडा आणि पुढे)

अमेरिकेतल्या एका मोठ्या लोकसहभागी प्रकल्पाने 2018 साली मांडलं की आठवड्यात 30 हून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात, 10 पेक्षा कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, जिवाणूंची विविधता जास्त होती. 30 हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. भोगीच्या भाजीत वाल, पावटा, ओला हरभरा, मटार, गाजर, वांगं, शेंगदाणे आणि तीळ घाला, बरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी. मोजा, एकाच ताटात नऊ. ऋषिपंचमीच्या भाजीचंही तसंच. ही सणाची ताटं वर्षातून एकदाच करायची असा नियम कुणी केलेला नाही.

पालेभाज्यांत मेथी-पालकाच्या पलीकडे जा: चाकवत, चुका, अंबाडी, शेपू, माठ, करडई, घोळ. आमटीत रोज तूरच कशाला? मसूर, मूग, कुळीथ आलटूनपालटून. शेंगदाणा, जवस, कारळं, तीळ यांच्या चटण्या डब्यांत भरून ठेवल्या की चार प्रकार तिथेच वाढतात.

औषधं: हे नीट वाचा

दोन वर्षांपूर्वी दाताच्या उपचारानंतर मला पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं होतं. जंतुसंसर्ग होता, औषध गरजेचंच होतं. पण पुढे तीन आठवडे माझं पोट ठिकाणावर नव्हतं, आणि असं होऊ शकतं हे मला कुणी आधी सांगितलं नाही. मला शास्त्र माहीत होतं म्हणून धीर धरता आला. ज्यांना माहीत नाही ते घाबरून आणखी गोळ्या घेतात.

डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात 12 निरोगी तरुणांना चार दिवस तीन तीव्र अँटिबायोटिकं दिली. आतड्यातली वस्ती साधारण दीड महिन्यात बरीचशी पूर्ववत झाली, पण आधी सगळ्यांमध्ये असलेले 9 प्रकार बहुतेकांमध्ये सहा महिन्यांनंतरही दिसत नव्हते. म्हणून सर्दीला, साध्या विषाणूजन्य तापाला किंवा दोन जुलाब झाले म्हणून मेडिकलमधून स्वतःच पट्टी आणू नका. आणि डॉक्टरांनी गरज पाहून दिलं असेल तर मनाने मध्येच बंदही करू नका.

अँटिबायोटिक चालू असताना कॅप्सूल घ्यायची का? काही विशिष्ट वाणांचा, उदाहरणार्थ सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट, अँटिबायोटिकने होणारे जुलाब टाळायला उपयोग होऊ शकतो. डॉक्टर सुचवतील तर घ्या. ते यीस्ट असल्याने अँटिबायोटिकने मरत नाही. जिवाणूंची कॅप्सूल असेल तर दोन औषधांत दोन तासांचं अंतर ठेवा. पण कोर्स संपल्यावर आपली वस्ती भरून काढायला म्हणून सरसकट कॅप्सूल घेण्याबाबत मी सावध आहे. इस्राएलमध्ये 2018 साली झालेल्या प्रयोगात अशा मिश्र प्रोबायोटिकने मूळ जिवाणू परत येण्याला उलट उशीर झाला. मी त्या तीन आठवड्यांत मऊ भात-ताक, मग मुगाची खिचडी, मग भाकरी, मग उसळ असा क्रम धरला.

पित्ताच्या गोळ्यांचंही सांगायला हवं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या कितीतरी घरांत वर्षानुवर्षं सकाळी अनशापोटी घेतल्या जातात. जठरातलं आम्ल कमी झालं की तोंडातून येणारे जिवाणू पुढे सुखरूप पोचतात आणि आतड्याच्या संसर्गाचा धोका वाढतो. गरज असणाऱ्यांना त्या आवश्यकच आहेत, स्वतःहून बंद करू नका. फक्त पुढच्या भेटीत विचारा, "ही मला अजून किती दिवस लागेल?"

घरबसल्या मलाचा नमुना पाठवून जिवाणूंचा रंगीत अहवाल देणाऱ्या महागड्या चाचण्या आता मिळतात. त्यांवरून उपचार ठरवता येतील इतकं शास्त्र अजून पुढे गेलेलं नाही. त्या पैशांत वर्षभराची भाजी येते.

जुलाब झाले तर, आणि डॉक्टरकडे कधी

जुलाबात पहिलं काम पाणी आणि क्षार भरून काढणं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्णच मिसळायचं. अर्धं अर्धं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट देत राहा. मुलांना डॉक्टर ओआरएसबरोबर झिंक देतात, ते सांगितलेले सगळे दिवस द्या. खाणं तोडू नका, अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तर मुळीच नाही.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर वही, भाकरी, ताक सगळं बाजूला ठेवून थेट डॉक्टरकडे जा: मलात रक्त किंवा डांबरासारखा काळा मल, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, सतत उलट्या, रक्तातलं हिमोग्लोबिन कमी होणं, पंचेचाळिशीनंतर पोटाची सवय अचानक बदलणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं. बाळाची लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, ते सुस्त पडलं तर त्याच क्षणी निघा. आणि जुलाबानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायांना मुंग्या, जिना चढताना पाय उचलेनासे होणं, हातातून वस्तू निसटणं, असं काही जाणवलं तर उद्यावर ढकलू नका. मोठ्या रुग्णालयात जा आणि आधी जुलाब झाले होते हे आपणहून सांगा. पहिल्या आठवड्याची वही बरोबर न्या, त्यात तारखा आहेत.